कढईतले पाणी आणि बिस्किटांची भजी

गेल्या भाऊबीजेला मी माहेरी गेले होते. वहिनींनी फराळाचे ताट पुढे ठेवले. चकली होती, चिरोटे होते, करंज्या होत्या. पण सातवीत शिकणारा माझा भाचा त्या ताटाकडे ढुंकूनही पाहीना. तो मला म्हणतो, "आत्या, आज आपण बिस्किटांची भजी करू या. मी मोबाईलवर बघितलीत. शाळेच्या आनंद मेळाव्यात मला त्यांचाच स्टॉल लावायचाय."

मला आधी वाटले, पोरगा थट्टा करतो आहे. आमची आई ओटीवर शेंगा फोडीत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "बिस्किटात काय कच्चं राहिलंय, म्हणून ते पुन्हा तळायचं?"

मंडळी, आईने हा प्रश्न सहज विचारला. पण त्याचे उत्तर शोधताना तळण म्हणजे काय, भजी तेल का पितात, कधी पितात, आणि कढई पेट का घेते, हे सारेच समजून घ्यावे लागते. त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात जो प्रसंग घडला, तोही याच प्रश्नातून घडला. तो मी पुढे सांगणार आहे. आधी ही भजी आली कुठून ते पाहू.

हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. आपल्याकडे जशा जत्रा भरतात तशा तिकडेही भरतात. गुरेढोरे, शेतमाल, पाळणे, खाऊची दुकाने, सगळे असते. टेक्सास राज्यात डॅलस शहरी दरवर्षी भरणारी जत्रा तर नाना तऱ्हेच्या तळलेल्या पदार्थांसाठीच नावाजलेली आहे. अशा जत्रांतून २००० सालानंतर क्रीमची काळी बिस्किटे पिठात बुडवून तळून विकण्याची टूम निघाली. ओरिओ नावाचे ते बिस्किट अमेरिकेत १९१२ सालापासून मिळते. आपल्या देशात ते आले २०११ साली. स्कॉटलंडातल्या मासे तळणाऱ्या दुकानांनी तर त्याच्याही आधी, १९९० नंतरच्या दशकात, चॉकलेटची वडीच माशाच्या पिठात बुडवून तळली होती! तेव्हा पोरांनीच काही जगावेगळे काढले आहे असे समजू नका.

आता 'बिस्किट' हा शब्द पाहा. तो लॅटिन भाषेतून फ्रेंच भाषेत आणि तिथून इंग्रजीत आला. त्याचा अर्थ 'दोनदा भाजलेले'. पूर्वी लांबच्या प्रवासाला निघालेल्या गलबतांवर न्यायची भाकरी एकदा भाजून पुन्हा भट्टीत वाळवीत. त्यातले पाणी निघून गेले की तिला बुरशी लागत नसे. म्हणजे बिस्किटात पाणी नाही, हीच बिस्किटाची खरी ओळख. ही गोष्ट ध्यानात ठेवा. आपले पुढचे सारे बोलणे तिच्यावर चालणार आहे.

आणि आईला मी असे विचारले, की बटाटेवड्यात तरी कच्चे काय असते? बटाटा आधीच शिजलेला, फोडणी दिलेली. आपण तळतो ते वरचे पीठ. गोवा-कारवारकडे सुकरुंडे करतात. हरभऱ्याच्या डाळीचे गूळ-खोबरे घालून केलेले पुरण, त्याचे लिंबाएवढे गोळे, ते सरबरीत पिठात बुडवून तळायचे. तिथेही पुरण शिजलेलेच असते. तेव्हा बिस्किटांची भजी ही सुकरुंड्यांची दूरची भावंडे समजायला हरकत नाही. आत तयार गोड पदार्थ, वर पिठाचा अंगरखा. आईला हे पटले. "अंगरखा पातळ ठेव म्हणजे झालं," एवढेच ती म्हणाली.

पण हा अंगरखा हवाच कशाला?

वडा तेलात सोडला की चुर्र असा आवाज होतो आणि भोवती बुडबुड्यांची गर्दी उसळते. आपण म्हणतो, तेल उकळले. खरे पाहता तेल उकळत नाही. उकळते ते पिठातले पाणी. पाणी १०० अंशांना उकळते, आणि तळणाचे तेल असते १७० ते १८० अंशांवर. त्यामुळे पीठ तेलाला लागताक्षणी त्यातल्या पाण्याची वाफ होऊ लागते. हे बुडबुडे म्हणजे ती वाफ. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,६०० ते १,७०० पट जागा मागते. लहान चमचाभर पाण्याची वाफ केली तर ती आठ लिटरच्या बादलीत मावणार नाही. एवढी वाफ बारीक बारीक छिद्रांतून बाहेर धाव घेत असते.

तुम्ही एसटीच्या थांब्यावर पाहिले असेल. गाडी येते, दार उघडते आणि आतली माणसे बोचकी घेऊन उतरू लागतात. खालच्या माणसाने कितीही रेटा दिला तरी तो उतरणाऱ्यांच्या लोंढ्यात वर चढू शकत नाही. कढईत तसेच होते. वाफेचा लोंढा जोवर बाहेर येत असतो, तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. ही वाफ आणखीही एक काम करते. पिठाच्या आत पाणी आहे तोवर आतला भाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, म्हणून आतला पदार्थ करपत नाही. फक्त वरचा पातळ थर कोरडा होतो, तापतो आणि बदामी रंगाचा, खरपूस होतो. हा रंग आणि वास कुठून येतो? पिठातली साखर आणि प्रथिने एकत्र तापली की त्यांच्यात जो रासायनिक बदल होतो त्यातून. माय्यार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तो प्रथम वर्णन केला. भाकरीचा पापुद्रा, भाजलेला कांदा, भट्टीतले शेंगदाणे, सगळ्यांच्या खमंग वासात हाच बदल आहे.

आता नुसते बिस्किट तेलात सोडले तर काय होईल ते तुमचे तुम्हीच सांगाल. त्यात पाणी जेमतेम. म्हणजे उतरणारे प्रवासी नाहीतच! गाडी रिकामी, दार उघडे. तेल सरळ आत शिरते. क्रीम असेल तर ते वितळून कढईत सांडते आणि जळते. साखर काळी पडते. बिस्किट ढिसूळ होऊन झाऱ्यावर येईपर्यंत तुटते. तेव्हा पिठाचा अंगरखा हा नुसता शोभेचा नाही. कोरड्या बिस्किटाला जे पाणी नाही, ते पाणी आपण त्याच्या अंगावर पिठातून चढवतो.

इथवर बऱ्याच सुगरणींना अनुभवाने ठाऊक असते. पण पुढची गोष्ट मला स्वतःला पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हती. आपण म्हणतो, "भज्यांनी कढईतलं तेल प्यायलं." कढईत भजी थोडे तेल पितात हे खरे. पण बहुतेक तेल त्यांच्या पोटात जाते ते कढईतून बाहेर काढल्यावर!

हे असे होते. भजी झाऱ्यावर आली तेव्हा तिच्या छिद्राछिद्रांत वाफ भरलेली असते आणि अंगावर तेलाचा थर असतो. बाहेरची हवा लागली की भजी निवू लागते. आतली वाफ थंडावून तिचे पुन्हा पाणी होते. मघाशी जी वाफ बादलीभर जागा व्यापीत होती, तिचे पुन्हा चमचाभर पाणी झाले. म्हणजे छिद्रे रिकामी पडली, आणि ती रिकामी जागा अंगावरचे तेल आत ओढून घेते. एसटी रिकामी झाली, उतरणारे संपले, आणि खाली थांबलेले सगळे एकदम आत घुसले. हा खेळ भजी बाहेर आल्यावरच्या पहिल्या एकदोन मिनिटांत होऊन जातो.

मग आपण काय करतो? भजी काढतो ती तशीच ताटात टाकतो, एकावर एक रचतो, आणि निवल्यावर म्हणतो, तेलकट झाली. ताटात खाली साठलेल्या तेलातच ती बसलेली असतात. ती पिणार नाहीत तर काय करतील? त्याऐवजी झारा कढईच्या काठावर हलकेच दोनतीनदा आपटावा, तेल निथळू द्यावे, आणि भजी गरम आहेत तोवरच ती जाळीवर किंवा चाळणीत सुटी सुटी मांडावीत. खाली ताट ठेवावे. गरम तेल पातळ असते, ते पटकन गळते. निवले की घट्ट होते आणि चिकटून राहते. सगळी हुशारी या एका मिनिटाची आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वाफ निवल्यावर ओढ कशी घेते हे वर्गात कढईशिवायही दाखवता येते. पाण्याची पातळ प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या. तिच्यात चांगले गरम, पण उकळते नव्हे, असे पाणी पाव भाग ओता, जरा हलवा आणि ओतून टाका. लगेच बूच घट्ट लावा. ती बाटली मुलांच्या हाती द्या. थोड्याच वेळात ती आपोआप आत चेपू लागेल. कुणी तिला हात लावलेला नसतो! वर थंड पाणी शिंपडले तर आणखी लवकर चेपते. आतली वाफ निवली, आतली गरम हवा आक्रसली, आणि बाहेरच्या हवेने बाटली दाबली. बाटलीला बूच होते म्हणून ती चेपली. भजीला छिद्रे असतात म्हणून ती तेल ओढते. मुलांना हे एकदा डोळ्यांनी दिसले की पुन्हा सांगावे लागत नाही.

घरी दुसरा प्रयोग करावा. एकाच घाण्यातली दोन भजी घ्या. एक झाऱ्यावर निथळून चाळणीत ठेवा, दुसरी तशीच ताटात. पाच मिनिटांनी दोन्ही मोडून कोऱ्या कागदावर दाबा आणि डाग शेजारी शेजारी पाहा. कागद कोराच घ्या. वर्तमानपत्रावर खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत. त्याची शाई पोटात जाते. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधून देण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ सालच्या नियमांनी मनाईच केली आहे. भजीवाले ती पाळतातच असे नाही, पण आपण घरी तरी पाळावी.

आता कृती सांगते. एका डझनाचा अंदाज देते. क्रीमची, जरा जाड बिस्किटे घ्यावीत. चहात बुडवायची पातळ ग्लुकोज बिस्किटे इथे कामाची नाहीत. ती पिठात बुडवताच मऊ पडतात आणि हातात तुकडा राहतो. बिस्किटे दोनेक तास फ्रिजच्या खालच्या भागात ठेवावीत, म्हणजे आतले क्रीम घट्ट होते आणि वरचे पीठ तळून होईपर्यंत वितळून बाहेर येत नाही. फ्रिज नसेल तर सकाळच्या गारव्यात करावीत.

पिठासाठी वाटीभर मैदा, दोन मोठे चमचे तांदळाची पिठी, एक मोठा चमचा साखर, चिमूटभर मीठ आणि एक लहान चमचा बेकिंग पावडर. हे कोरडेच एकत्र चाळून घ्यावे. मग पाऊण वाटी पाणी किंवा दूध थोडे थोडे घालीत कालवावे. सगळे दूध एकदम ओतू नये, कारण प्रत्येक मैद्याला पाणी सारखे लागत नाही. पीठ चमच्यावर घेऊन चमचा उपडा केला तर त्याची सलग धार पडावी आणि चमच्याच्या पाठीवर जाडसर थर राहावा. इडलीच्या पिठाहून किंचित पातळ म्हटले तरी चालेल. गुठळ्या मोडल्या की हात थांबवावा. मैदा फार घोटला की त्याला चिवटपणा येतो आणि अंगरखा खुसखुशीत न होता वातड होतो. तांदळाच्या पिठीत तो चिवटपणा नसतो, म्हणून ती घालायची. बेसन घातले तरी भजी होतात, पण बेसनाचा वास आणि चॉकलेटचा वास यांचे काही जमत नाही, असे माझे मत आहे.

साखर एका चमच्यापेक्षा वाढवू नये. बिस्किट मुळात गोड असते, आणि पिठात साखर जास्त झाली की आत पीठ शिजण्याआधीच वर काळपट रंग चढतो. बेकिंग पावडरचेही तसेच. हात सैल सुटला की पीठ फार सच्छिद्र होते, आणि जितकी छिद्रे जास्त तितकी तेलाला घरे जास्त. भज्यांत सोडा जास्त पडला की ती तेल पितात हे आपल्या आयाबायांनी केव्हाच सांगून ठेवले आहे. त्याचे कारण हे असे आहे.

बिस्किट फ्रिजमधून काढले की कोरड्या फडक्याने पुसावे. मग ते कोरड्या मैद्यात घोळवून झटकावे. बिस्किटाच्या अंगाला स्निग्धता असते, तिच्यावर ओले पीठ ठरत नाही, घसरते; मधे कोरडा मैदा असला की धरून राहते. मग एकेक बिस्किट पिठात बुडवायचे, लगेच काढायचे आणि कढईच्या काठाने अलगद तेलात सोडायचे. वरून टाकायचे नाही. बिस्किटे पिठात बुडवून ठेवू नयेत, नाहीतर पीठ आत मुरते आणि आपण मघाशी जे घट्ट करून ठेवले ते सैल होते.

तेल तापले हे कसे ओळखायचे? तापमापक कुणाच्या घरी असतो? पिठाचा एक थेंब तेलात टाकावा. तो तळाशी जाऊन तिथेच बसला तर तेल गार आहे. खाली जाऊन बुडबुडे काढीत क्षणात वर आला तर बरोबर. पडता पडताच तांबूस झाला तर तेल जास्त तापले, आच कमी करावी. तेल धुरावू लागले तर शेगडी बंद करून ते जरा निवू द्यावे. गार तेलात वरचा थर लवकर धरत नाही, पदार्थ फार वेळ तेलात राहतो, पाणी जास्त निघून जाते आणि पाण्याने सोडलेल्या जागेत तेल बसते. एका वेळी तीनचारच भजी सोडावीत. सगळी एकदम सोडली की तेलाचा ताव उतरतो. एका बाजूने मिनिट-दीड मिनिट, मग उलटून तेवढेच. बदामी रंग आला की काढावे. बुडबुडे मंदावू लागले की समजावे, वाफेचा लोंढा ओसरत आला. आता थांबण्यात फायदा नाही.

वरून पिठीसाखर भुरभुरवायची पद्धत अमेरिकेत आहे. मला ती नको वाटते.

आता राहिलेला प्रसंग. भाचा म्हणाला, "आजी, तुझं खरं की आत्याचं, ते बघू. आधी नुसतीच बिस्किटं तळून बघतो." मी ओटीवर वहिनींशी बोलत बसले होते. मुलाला जिज्ञासा आहे याचे मला कौतुकच वाटले, आणि मी उठले नाही. ही माझी चूक. त्याने बिस्किटे ठेवली होती ती फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात, कारण मोबाईलवर तसे दाखवले होते. त्यांच्यावर पांढरा हिमकण साचला होता. चकल्या तळून झालेली कढई शेगडीवर होतीच. ती जवळजवळ काठोकाठ भरलेली. त्याने तेल तापवले आणि पाचसहा बिस्किटे एकदम त्यात सोडली.

बर्फ म्हणजे पाणीच. कढईतले तेल फसफसून वर आले, काठावरून सांडले आणि ज्योतीवर पडले. पुढचे क्षणात झाले. कढईच्या कडेने जाळ वर चढला. वहिनी धावल्या आणि ओरडल्या, "वन्सं, पाणी! पाणी आणा!" माझ्या हातात तांब्या आला देखील होता. तेवढ्यात आई आत आली. तिने भिंतीला टेकवलेली पितळी परात दोन्ही हातांनी उचलली आणि समोरून सरकवत कढईवर झाकली. मला म्हणाली, "तांब्या खाली ठेव. गॅस बंद कर." मी बंद केला. जाळ गुदमरला. परात तिने पुष्कळ वेळ उघडू दिली नाही.

तो तांब्या मी कढईत ओतला असता तर काय झाले असते, याचा विचार मनात आला की आजही माझे हात गार पडतात. पाणी तेलापेक्षा जड. ते पेटलेल्या तेलाच्या तळाशी गेले असते, तिथे त्याची एकाएकी वाफ झाली असती, आणि त्या वाफेने जळते तेल सगळ्या स्वयंपाकघरभर उडवले असते. चमचाभर पाण्याची बादलीभर वाफ होते हे आपण मघाशी पाहिले. तांब्याभर पाण्याचा हिशेब तुम्हीच करा.

म्हणून हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, सांगून ठेवा. कढई कधीही अर्ध्याहून जास्त भरू नये. ओला झारा, ओला हात, बर्फ लागलेला जिन्नस तेलाजवळ नेऊ नये. कढईपेक्षा मोठे झाकण किंवा परात हाताशी ठेवूनच तळायला बसावे. तेल पेटले तर झाकावे, गॅस बंद करावा. पाणी ओतू नये आणि कढई उचलून दाराकडे पळू नये. चुलीवर तळत असाल तर चूल बंद करता येत नाही, म्हणून आधी झाकावे आणि मग लाकडे बाहेर ओढावीत. चुलीवरच्या कढईत तेल आणखी कमी ठेवावे.

भाच्याच्या मनगटावर तेलाचे दोन थेंब उडाले होते. वहिनी हळद घेऊन आल्या. मी म्हटले, हळद नको, तूप नको, दातांची पेस्ट नको, बर्फही नको. त्याच्या हातातले कडे लगेच काढले आणि हात नळाच्या साध्या थंड पाण्याखाली धरला. वीस मिनिटे. वीस मिनिटे फार लांब असतात. मुलगा कंटाळतो, आपणही कंटाळतो. पण आतला दाह शमायला तेवढा वेळ लागतोच. नळ नसेल तर तांब्यातांब्याने ओतीत राहावे. भाजलेले अंग तळहाताहून मोठे असेल, चेहऱ्यावर, डोळ्याजवळ किंवा सांध्यावर असेल, फोड आले असतील, तर स्वच्छ ओलसर कापड सैल टाकून सरळ दवाखाना गाठावा.

उरलेल्या तेलाविषयी थोडे सांगते. तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्याची घडण मोडते. ते काळसर होते, दाट होते, फेस धरते, आणि पूर्वीपेक्षा कमी आचेवर धुरावते. अशा तेलात शरीराला घातक अशी संयुगे वाढत जातात. त्यांतली ध्रुवीय संयुगे शेकडा २५ पेक्षा जास्त झाली की ते तेल वापरू नये, असा नियम प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हॉटेलांचे वापरलेले तेल गोळा करून त्याचे डिझेलसारखे इंधन करण्याची योजनाही निघाली. घरी आपल्याला मोजमाप करता येत नाही, तेव्हा डोळा आणि नाक यांवर विसंबावे. एकदा तळलेले तेल निवल्यावर फडक्याने गाळून, झाकून, उजेडापासून दूर ठेवावे आणि थोड्याच दिवसांत फोडणीला संपवावे. नव्या तेलात ते मिसळू नये. तळणाला शेंगदाण्याचे तेल बरे. करडईचे तेल भाजीला उत्तम, पण वारंवार तापवले तर ते लवकर बिघडते. वाया गेलेले तेल मोरीत ओतू नये, नळी तुंबते. ते भुशात किंवा जुन्या कापडात जिरवून टाकावे. आणि ते भुसकट चुलीजवळ ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको.

आता आनंद मेळाव्याचे काय झाले? शिक्षकांसाठी हे मुद्दाम सांगते. हे मेळावे मला फार आवडतात. मुले भाव ठरवतात, सुटे पैसे मोजतात, नफातोटा मांडतात. गणिताच्या तासाला जे येत नाही ते तिथे येते. पण चौथी-पाचवीची मुले पटांगणात पेटत्या शेगडीभोवती ढकलाढकली करताना मी पाहिली आहेत, आणि शेगडी ठेवलेली असते वर्गातल्या डुगडुगत्या बाकावर! तळणाचा स्टॉल असेल तर शेगडी जमिनीलगत, भिंतीच्या आडोशाला असावी. तिच्याभोवती चुन्याची रेघ मारावी, आणि रेघेच्या आत फक्त मोठे माणूस. परात आणि कोरड्या वाळूची बादली शेजारी हवी. मुलांची सैल ओढणी, गळ्यातले ओळखपत्र, नायलॉनचे कपडे, सगळे त्या रेघेबाहेर.

आमच्याकडे भाच्याने स्टॉल लावला. तळायला वहिनी बसल्या. पीठ कालवले त्याने. भजी चाळणीत मांडायची, निथळायची आणि गिऱ्हाईकाला कोऱ्या कागदावर द्यायची, हे कामही त्याचेच. त्याने एक पाटी लिहून लावली होती: 'आमची भजी तेल पीत नाहीत. कारण विचारा.' पुष्कळांनी विचारले. तो प्रत्येकाला एसटीची गोष्ट सांगत होता आणि दर वेळी ती थोडी लांबवीत होता. त्याच्या वर्गशिक्षकांनी त्याला ती दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे उभे करून सांगायला लावली, बाटली चेपवून.

ही भजी गरम आहेत तोवरच खावीत. निवली की आतला ओलावा वरच्या थरात येतो आणि ती लिबलिबीत होतात; पुन्हा तळली तर तेलच पितात. मोठ्या माणसाने दोन खावीत, लहानाने एक. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात, पिठात आणि साखरेत चार चार, आणि इथे तिन्ही एकत्र आहेत. हा सणासुदीचा खाऊ आहे, रोजच्या डब्यातला नव्हे. पीठ थोडे उरतेच. ते टाकून देऊ नका. पिकलेल्या केळ्याचे जाड काप त्यात बुडवून तळावेत. केळ्यात स्वतःचे पाणी असते, म्हणून ती भजी आतून लुसलुशीत होतात. आमच्या आईने बिस्किटांचे एकच चाखले आणि केळ्याची चार खाल्ली.